हातासरशी

"मी गेल्यावर गाडीचं काय वाटेल ते करा, पण दुरुस्तीला देऊ नका. बंद पडली तर ढकला."

हे सासूबाईंनी मला सांगितलं तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या आणि मी त्यांच्या गोळ्यांच्या डबीचं झाकण लावायची खटपट करत होते. मी "हो आई" म्हटलं. आईंच्या सूचना दिवसभर चालू असत. ओल्या केसांनी झोपू नकोस. फ्रिजवर काही ठेवू नकोस. शेजारणीला सुई उसनी देऊ नकोस, परत येते तेव्हा बोथट असते. यात गाडीची सूचना कुठे बसवायची ते कळेना, म्हणून मी ती फ्रिजच्या सूचनेशेजारी ठेवून दिली आणि विसरून गेले. वाटलं, आजारपणात माणूस काहीबाही बोलतं.

गाडी बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. माझ्या नवऱ्यापेक्षा वयाने मोठी आणि, घरात कुणी उघड म्हणत नसलं तरी, त्याच्यापेक्षा लाडकी. सायीच्या रंगाची, गोल डोळ्यांची, गुबगुबीत गालांची. रस्त्यात थांबली की लोक तिच्याबरोबर फोटो काढतात आणि आत बसलेल्या आम्हालाच "जरा खाली वाकता का" म्हणून सांगतात. अशा गाड्या आता निघत नाहीत. निघत नाहीत ते बरंच आहे, असं मत मी लग्नानंतर पहिल्याच चकरेत बनवलं होतं. तिची काच वर करायला दोन माणसं लागत, एक हँडल फिरवायला आणि दुसरं काच तळव्यांनी उचलून धरायला. पावसात छतातून थेंब पडे, तो नेमका माझ्याच मानेवर. आणि पुढचा डावा दरवाजा आतून उघडत नसे. बाबा गाडी थांबवायचे, उतरायचे, बॉनेटवर हात टेकत पुढून वळसा घालायचे आणि बाहेरून दरवाजा उघडायचे. मग आई उतरायच्या. पर्स सावरत, अगदी सावकाश, जणू खाली गालिचा अंथरलाय. रस्त्यावरच्या लोकांना वाटे, काय सभ्य गृहस्थ आहे. मला वाटे, आग लागली तर?

मुलगी झाल्यापासून माझं हे असं झालंय. कुठल्याही खोलीत शिरले की मी आधी बाहेर पडायची वाट बघून ठेवते. नवरा म्हणतो, तू नाटकाला येतेस की सुटकेच्या सरावाला.

आई गेल्या, आणि त्यानंतर बाबांनी एकेक गोष्ट बंद करत आणली. आधी पेपर, मग बातम्या, मग वाक्यं. "त्या कपाटात ती..." असं सुरू करायचे आणि सोडून द्यायचे. पुढचं वाक्य पूर्ण करणारं माणूस राहिलं नव्हतं. आम्ही प्रयत्न केला. "ती छत्री का बाबा? ती फाईल का?" ते मान हलवायचे. आईंना ते शब्द न सांगताच कळायचे, आम्हाला सांगूनही कळत नव्हते.

एक गोष्ट तेवढी चालू राहिली. सकाळचा चहा झाला की फडकं आणि बादली घेऊन ते जिना उतरायचे आणि गाडी पुसायचे. रविवारी माझ्या मुलीला चक्कर मारून आणायचे. तिला आम्ही भिंगरी म्हणतो. का म्हणतो ते तिला एकदा पाहिलं की विचारावं लागत नाही. ती तिच्या उंच खुर्चीत, मी स्वतः आवळलेल्या पट्ट्यांमध्ये, आजोबांच्या शेजारी बसायची आणि मी मागच्या सीटवरून पायाने नसलेले ब्रेक दाबत राहायचे. बागेपाशी गाडी थांबली की बाबा उतरायचे, वळसा घालायचे, डावा दरवाजा उघडायचे. "उतरा बाईसाहेब." भिंगरी, जी घरात एका जागी तापायला ठेवलेल्या दुधाएवढीही थांबत नाही, ती त्या दरवाजासाठी मात्र थांबायची.

आमच्या डॉक्टरीणबाईंना मी बाबांबद्दल विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "रोज जिना उतरतायत ना? मग गोळी नको. ज्या दिवशी उतरायचे थांबतील त्या दिवशी मला फोन कर." म्हणजे ती गाडी हेच औषध होतं, हे मला नीट ठाऊक होतं. म्हणून तर तिचे ब्रेक ओरडायला लागले तेव्हा मी घाबरले.

ब्रेक दाबला की गाडी आधी किंचाळायची, मग विचार करायची, मग थांबायची.

"ती पूर्वीपासूनच बोलते," बाबा म्हणाले.

"बाबा, आता ती बोलत नाहीये. गळा काढतेय."

इमारतीत बातमी पसरायला आमच्याकडे कुणाला बोलावं लागत नाही, जिन्यात चेहरा पाडून उभं राहिलं तरी पुरतं. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी सुचवलं की गाडी आता उभीच करून टाका, त्यांच्या भावाने एका जुन्या गाडीच्या बॉनेटमध्ये फुलझाडं लावलीयेत आणि फुलपाखरं येतात. तळमजल्यावरचे मॅनेजरकाका बँकेतून निवृत्त झाले असले तरी सल्ला मंजूर करायचं त्यांनी सोडलेलं नाही. ते म्हणाले, "हे बघ सूनबाई, ही साधी गाडी नाही. हिला साध्या गॅरेजात नेणं म्हणजे गवयाला घशाच्या ऐवजी दाताच्या डॉक्टरकडे नेणं. माझ्या माहितीत एक माणूस आहे."

त्या माणसाच्या गॅरेजवर मोठ्या अक्षरांत पाटी होती: जुन्या गाड्यांचे सर्जन. आत तो स्वतः एकेकाळी पांढरा असलेला डगला घालून उभा होता. त्याने आमच्या गाडीच्या बॉनेटला कान लावला, डोळे मिटले, बराच वेळ तसाच राहिला. मॅनेजरकाका माझ्याकडे बघून भुवया उडवत होते, बघ, सांगितलं नव्हतं? मला म्हणावंसं वाटत होतं की आवाज ब्रेकमधून येतो आणि गाडी बंद आहे. पण एवढ्या एकाग्रतेने ऐकणाऱ्या माणसाला मध्ये बोलायचं धैर्य माझ्यात नाही.

"ताई," सर्जन डोळे उघडून म्हणाला, "अगदी वेळेवर आणलंत."

हे वाक्य मी पूर्वी एकदा दुसऱ्या एका पांढऱ्या डगल्याकडून ऐकलं होतं. आईंच्या वेळी. तेव्हाही मला फार धीर आला होता.

बाबांनी किल्ली लगेच दिली नाही. "फक्त ब्रेक," ते म्हणाले. आई गेल्यापासून इतकं ठाम वाक्य त्यांनी पहिल्यांदाच पूर्ण केलं असावं. "बाकी कशाला हात लावायचा नाही."

"काका, बिनघोर राहा. आता हातासरशी काही दिसलंच, तर..."

"काही दिसणार नाही."

"नाही दिसणार," सर्जनने कबूल केलं आणि किल्ली घेतली.

हातासरशी. इतका निरुपद्रवी दिसणारा आणि इतका घातकी शब्द आपल्या भाषेत दुसरा नसेल. हातासरशी माझ्या आत्याने एकदा माझे केस कापले होते. त्या वर्षीचे फोटो आम्ही अल्बममधून काढून टाकलेत. हातासरशी नवऱ्याने माझ्या ऑफिसच्या बॅगेबरोबर ऑफिसचा लॅपटॉपही धुतला होता. मोठी संकटं येतात तेव्हा माणूस सावध असतो. घात होतो तो हातासरशी.

पहिला फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "ताई, पेशंट स्थिर आहे. काळजी नको. जॅकवरून जरा उतरली."

"कोणी उतरवली?"

"आपली आपणच."

मी विचारलं, उतरून कुठे गेली? तर कुठे नाही, तिथेच, भिंतीला गाल टेकून. उजवा गाल आत गेला होता. सर्जनने तो ठोकून बाहेर काढला होता आणि हातासरशी डावाही ठोकून घेतला होता, म्हणजे दोन्ही सारखे दिसावेत.

"डाव्याला काय झालं होतं?"

"काही नाही ना, म्हणून तर सारखे दिसत नव्हते."

पुढच्या फोनला कळलं की ठोकलेल्या पत्र्यावर रंग द्यावा लागला. मग तो उरलेल्या रंगाशी जुळेना, म्हणून उरलेला रंगही काढला. रंग मारताना सीटवर फवारे उडाले, म्हणून हातासरशी सीटच्या खोळी नव्या शिवल्या. सीट बाहेर काढल्याच होत्या तर खालचं जाजम, जाजम काढलंच होतं तर छताचं अस्तर. प्रत्येक फोनच्या शेवटी मी विचारायचे, "आणि ब्रेक?" आणि सर्जन म्हणायचा, "त्याचंच बघतोय."

बाबा मात्र अजून जिना उतरत होते. सकाळी चहा घेऊन, पिशवीत गाडी पुसायचं फडकं घालून ते चालत गॅरेजपर्यंत जायचे. सर्जन त्यांना आत घेत नसे. "काका, आत चालू आहे. बाहेर बसा." बाहेर भिंतीला लागून एक बाक होता, त्यावर ते बसायचे. एकदा त्यांना जेवायला घेऊन यायला मी गेले. ते बूट जुळवून, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात, अशा बेताने बसले होते, आणि समोरचं लोखंडी शटर अर्धं खाली होतं. दवाखान्यातल्या त्या काचेच्या दारासमोर ते अगदी असेच बसायचे. दार ढकलून कुणी नर्स बाहेर आली की अर्धे उठायचे आणि ती पुढे निघून गेली की परत बसायचे. आताही शटरखालून कुणाचे तरी पाय दिसले आणि बाबा अर्धे उठले.

मी म्हटलं, "चला बाबा, जेवायला." त्यांनी वर बघून म्हटलं, "अगं, काळजी करू नकोस. ब्रेकच तर आहे."

शेवटी एकदाची गाडी मिळाली. आणायला आम्ही सगळे गेलो. मॅनेजरकाकाही आले, कारण माणूस त्यांच्या माहितीतला होता.

सर्जनने शटर वर केलं. साय गेली होती. जो रंग आला होता त्याला काय म्हणावं याच्यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. नवरा बिस्किट म्हणतो, मी कावीळ म्हणते. दोन्ही गाल सारखेच बसले होते. एक दिवा समोर बघत होता आणि दुसरा किंचित आमच्या इमारतीकडे. आतल्या सीटवर प्लास्टिकसारखं काहीतरी चकाकत होतं, त्यावर बसलं की आपण घसरतो आणि एक आवाज होतो, ज्याबद्दल चारचौघांत खुलासा करावा लागतो. भिंगरीने तो आवाज लगेच सहा-सात वेळा काढून बघितला.

"आता उठून दिसते," सर्जन म्हणाला.

मॅनेजरकाकांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला आणि खिशात ठेवला.

बाबा गाडीभोवती एक फेरी मारून आले, पिशवीतलं फडकं काढलं, आणि ते कुठे लावावं ते न कळल्यासारखे हातात धरून उभे राहिले. मग किल्ली घेऊन आत बसले. आम्ही बसलो. पहिल्या वळणावर त्यांनी ब्रेक दाबला. गाडी किंचाळली, तिने विचार केला आणि थांबली.

"ब्रेकचं राहिलंच वाटतं," नवरा मागून म्हणाला.

घरापाशी पोचलो. बाबांनी गाडी बंद केली, उतरले आणि बॉनेटवर हात टेकत वळसा घालायला लागले. ते दिव्यापर्यंत आले असतील, तेवढ्यात खट् असा आवाज झाला आणि डावा दरवाजा आतून उघडला. भिंगरीने पट्टे कधी सोडवले होते कुणास ठाऊक. उडी मारून ती खाली आली.

"आजोबा, मी उघडला. माझा मी."

बाबांचा हात दरवाजाकडे निघालेला होता, तो तसाच राहिला. मग तो त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला. "शाब्बास," म्हणाले, आणि जिना चढून वर गेले.

मी सर्जनला फोन लावला. बाकीच्या गोष्टींसाठी लावला होता, पण गोष्ट निघाली दरवाजाची. तो म्हणाला, "हो ताई, आतलं हँडल तुटकं होतं. हातासरशी बसवून टाकलं. त्याचे पैसे लावले नाहीत, ती आमच्याकडून भेट."

दुसऱ्या दिवशी बाबा खाली उतरले नाहीत. त्याच्या पुढच्याही दिवशी नाही. चहा घेऊन खिडकीशी बसायचे. त्या खिडकीतून गाडी दिसत नाही. बादली मोरीत पालथी होती. मी डॉक्टरीणबाईंना फोन करायला घेतला आणि नवरा म्हणाला, थांब, आपण गाडी पहिल्यासारखी करून घेऊ, त्याला सोडणार नाही, आपण कायद्याने जाऊ. मी फोन ठेवला. आम्ही शिकलेली माणसं. आमच्यावर अन्याय झाला की आम्ही आधी शुद्ध भाषेत अर्ज लिहितो.

विम्याच्या माणसाने विचारलं, "अपघात कुठे झाला?"

"गॅरेजमध्ये."

"गॅरेजमध्ये होते ती दुरुस्ती."

मग आम्ही वाहन नोंदणी कार्यालयात गेलो, कारण मॅनेजरकाकांचं म्हणणं पडलं की रंग बदलल्याची सरकारदरबारी नोंद झाली की नुकसानीचा पुरावा आपोआप तयार होतो. सल्ला फसल्यापासून काका दुप्पट सल्ला देत होते. बिचाऱ्यांना जिन्यात माझ्याकडे बघवत नव्हतं. कार्यालयातल्या कारकुनाने आमचे कागद पाहिले, खिडकीतून खाली गाडी पाहिली आणि कागद परत केले.

"कागदावर क्रीम रंग आहे. ही वेगळी गाडी आहे. कागदावरची घेऊन या."

"साहेब, तीच ही."

"मग रंग बदलायला मालकाची संमती होती, असं गॅरेजवाल्याचं पत्र आणा."

"संमती नव्हतीच. तीच तर तक्रार आहे."

"संमती नव्हती तर रंग बदललेला नाही," कारकून म्हणाला आणि शांतपणे पुढच्या माणसाकडे वळला. मी घरी येईपर्यंत उत्तर शोधत होते. अजूनही अधूनमधून आंघोळ करताना एखादं सुचतं.

त्या संध्याकाळी आम्ही जेवणाच्या टेबलावर कारकुनाची नक्कल करत होतो. बाबा हसतील अशी माझी आशा होती. ते ताटाकडे बघत होते.

"बाकी राहू द्या," ते म्हणाले. "रंग राहू दे. पत्रा राहू दे. दरवाजा तेवढा पूर्वीसारखा करून देतो का, विचारून बघा."

"म्हणजे आतून उघडणार नाही असा?" नवऱ्याने विचारलं.

"हो."

बाबा बोलायला लागले ते ताटाशीच.

"गाडी आली त्या आठवड्यातच ते हँडल तुटलं. मी पाना घेऊन बसलो होतो. ही म्हणाली, राहू दे. म्हटलं, अगं, तुला अडकून पडायला होईल. तर म्हणाली, या घरातली सगळी दारं मीच उघडते. दूधवाल्याला मी, पाहुण्यांना मी, तुम्हाला मी. एक दार असू दे, जे माझ्यासाठी कुणीतरी येऊन उघडेल." त्यांनी पाण्याचा पेला सरळ केला. "तिने दुसरं काही कधी मागितलं नाही. म्हणजे मागितलं असेल, मी ऐकलं... हे ऐकलं, एवढं खरं."

भिंगरीने तोंड उघडलं होतं, मी तिच्यापुढे पोळी सरकवली. गाडी दुरुस्तीला देऊ नका, या फ्रिजशेजारच्या सूचनेचा अर्थ मला तिथे, तेव्हा लागला.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला उशिरा येते म्हणून कळवलं आणि गॅरेजवर गेले. सर्जनला म्हटलं, "डाव्या दरवाजाचं आतलं हँडल परत तोडून द्या."

त्याला वाटलं मी टोमणा मारतेय. मारत नाहीये म्हटल्यावर त्याचा चेहराच पडला. तो पहिल्यांदाच माझ्याकडे, गाडीकडे बघतात तसा न बघता, माणसाकडे बघावं तसा बघत होता.

"ताई, तेवढं सांगू नका. रंग चुकला असेल, पत्रा चुकला असेल. चुकतं हातून. पण नीट चालणारी वस्तू मी माझ्या हाताने बिघडवली असं आजवर झालेलं नाही."

"अहो, तुम्ही अख्खी गाडी बिघडवली."

"ती नीट करताना," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं नव्हतं. "मुद्दाम नाही. लोक काय म्हणतील? माझा बाप बसायचा या दुकानात."

मी दहा मिनिटं विनवण्या केल्या. गाडीचा एकही भाग ज्याने धड ठेवला नाही तो माणूस ती एक गोष्ट बिघडवायला तयार होईना. शेवटी त्याने मला चहा पाजला.

मग रविवारी नवरा स्वतः स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खाली उतरला. बाबांना आम्ही आग्रह करून खाली आणलं, आणि ते आले म्हणून मला वाटलं, चला, अर्धं काम झालं. मॅनेजरकाका टॉर्च धरून उभे राहिले, भर उन्हात. नवऱ्याने हँडलचा पहिला स्क्रू सैल केला, आणि भिंगरीला कळलं की काय चाललंय.

ती मोठ्याने रडली असती तर आम्ही ऐकलं नसतं. ती हळू आवाजात म्हणाली, "मला उघडता येतो म्हणून काढताय का?"

नवरा थांबला. मी म्हणणार होते, नाही राणी, तसं नाही. पण मग कसं आहे, ते मला तिला सांगता येईना. आणि खरं सांगायचं तर मी आई आहे; माझी मुलगी त्या गाडीतून आपली आपण बाहेर पडू शकते, याचं मला मनातून बरंही वाटत होतं, आणि बरं वाटल्याची लाजही.

बाबांनी नवऱ्याच्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला. स्क्रू परत घट्ट केला, दोन वेळा फिरवून बघितला.

"तिला येतंय तर येऊ दे," ते म्हणाले. "आणि मोडलेलं वेगळं, मुद्दाम मोडलेलं वेगळं."

त्यानंतर बाबा पुन्हा खाली जायला लागले. सकाळी नव्हे, दुपारी. मला आनंद झाला. मी ऑफिसात, भिंगरी शाळेत, नवरा कामावर. संध्याकाळी आल्यावर मी बादली बघायचे, तर ती कोरडी असायची. पण फडकं जागेवर नसायचं, म्हणजे उतरले होते. डॉक्टरीणबाईंना मी कळवून टाकलं, उतरतायत. त्या म्हणाल्या, छान.

एक दिवस माझं डोकं चढलं म्हणून मी दुपारीच घरी आले. ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. गाडीच्या काचा वर होत्या. आत बाबा बसले होते. चालकाच्या जागेवर नाही, डाव्या सीटवर. बूट जुळवलेले, मांडीवर पिशवी, पिशवीवर हात. शर्ट पाठीपासून छातीपर्यंत भिजला होता. समोर बघत होते.

मी काचेवर टकटक केली. त्यांनी मान वळवली नाही. मी दरवाजा उघडला. आतली हवा भट्टीसारखी अंगावर आली. त्यांनी माझा हात धरला आणि सावकाश खाली उतरले, अगदी सावकाश.

"बाबा, हे काय? दरवाजा आतून उघडतो ना आता."

"माहीत आहे."

"मग?"

मला वाटलं होतं त्यांना भ्रम झाला असेल. नव्हता. माझ्याकडे सरळ बघत, पूर्ण शुद्धीत, एकेक शब्द पूर्ण करत ते बोलले. "ती बसायची तिथून काय दिसतं ते मी कधी बघितलं नव्हतं. मी वळसा घालून येईपर्यंत ती काय करत असेल, हेही नाही. थांबत असेल, दुसरं काय. कधी मी वाटेत कुणाशी बोलत उभा राहायचो, पाच-पाच मिनिटं. एवढ्या वर्षांत तिने एकदासुद्धा हॉर्न वाजवला नाही."

मी त्यांना वर आणलं, पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. किल्ली लपवली. दुसऱ्या दिवशी ती परत खुंटीवर होती. लपवायच्या चांगल्या जागा या घरात आईंनाच ठाऊक होत्या, मला त्या कुठून माहीत असणार. मी रागावून बघितलं, काच थोडी खाली ठेवा म्हणून विनवून बघितलं. काच खाली ठेवतात, आठवलं तर. मॅनेजरकाकांना सांगून ठेवलंय. ते लक्ष ठेवतो म्हणतात आणि जेवण झाल्यावर झोपतात, त्यांचंही वय झालंय. शिक्षिकाबाई शाळेतून चारनंतर येतात. मी ऑफिसातून दुपारी फोन करते, तो वर घरात वाजत राहतो. मग मी कॉम्प्युटरकडे बघत बसते आणि आकड्यांच्या जागी मला ती भिजलेली शर्टाची कॉलर दिसते.

म्हणून तुम्हाला सांगते. दुपारच्या वेळी तुम्ही कधी आमच्या गल्लीतून गेलात, आणि एक जुनी, बसक्या गालांची, बिस्किटाच्या की काविळीच्या रंगाची गाडी दिसली, जिचा एक डोळा समोर आणि एक इमारतीकडे बघतो, तर जरा थांबा. आत डोकावून बघा. ते काही मदत मागणार नाहीत, तुमच्याकडे बघणारसुद्धा नाहीत, आणि त्यांना आतून दरवाजा उघडता येतो हे मला माहीत आहे, तुम्हीही ते त्यांना सांगू नका. पुढून वळसा घालून डाव्या बाजूला या. बॉनेटवर हात टेकलात तरी चालेल. आणि दरवाजा बाहेरून उघडा.